मौदा जातीचा कुत्रा आणि नवशिक्यांचा गट

तमाम नागपूरकरांस, आणि मनीषनगरातल्या रहिवाशांस विशेष करून, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सदर इसम, वय वर्षे त्रेपन्न, गुडघ्यांचे वय वर्षे सत्तर, हा गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी श्वानांच्या अडथळा शर्यतीत नवशिक्यांच्या गटात उतरला आणि पहिला अडथळा ओलांडण्यापूर्वीच बाद झाला. निकाल अंतिम असून त्याविरुद्ध अपील नाही. या निवेदनात कोणाचेही नाव दिलेले नाही. कुत्र्याचेही नाही, कारण ते बायकोने ठेवले आहे आणि ते छापू का असे विचारल्यावर ती "नाई" म्हणाली.

एवढं सरकारी बोलून झालं. तीस वर्षं कचेरीत टिपणं लिहिली की हात आपोआप तसा वळतो. आता नीट सांगतो.

ही शर्यत म्हणजे काय, ते आधी. मैदानावर दोरी बांधून मोठा चौकोन आखतात आणि त्यात अडथळे मांडतात. उडी मारायच्या आडव्या दांड्या, सरपटत जायचा कापडी बोगदा, एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरायची तिरपी फळकुटं, लहान मुलांच्या बागेत असतो तसा सीसॉ, आणि एका ओळीत रोवलेले दांडे, ज्यांच्यामधून कुत्र्यानं नागमोडी जायचं. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही, हातात साखळी नाही. तुम्ही त्याच्या बाजूनं धावायचं, हातानं आणि तोंडानं रस्ता दाखवायचा, पण त्याला हात लावायचा नाही. कुत्रा दोरीच्या बाहेर गेला की बाद. लोक येतात कुत्रा पाहायला, आणि कुत्रा तुम्हाला किती मानतो हे दोन-तीनशे माणसांसमोर उघडं पडतं.

आमचा कुत्रा मौद्याचा. बायको शाळेत खेळ शिकवायची. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या सामन्यांना मुलींचा कबड्डीचा संघ घेऊन ती मौद्याला गेली. संघ पहिल्याच फेरीत हरला. रडणाऱ्या पोरींना उसाचा रस पाजत असताना टपरीखाली हे पिल्लू सापडलं. अंगभर राख. तिकडे कोळशावर चालणारं विजेचं मोठं केंद्र आहे, त्यामुळे तिला वाटलं की हे राखेतच जन्मलं असावं. ओढणीत गुंडाळून ती त्याला संघाच्या गाडीतून घरी घेऊन आली. आम्ही त्याला दोनदा साबण लावून धुतलं, तरी राख जाईना. तिसऱ्यांदा धुतल्यावर लक्षात आलं की तो त्याचा रंगच आहे.

तो तिचा कुत्रा झाला. मी घरातला दुसरा प्राणी. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. आम्हाला मूलबाळ नाही, हेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी शोधत बसायला नको. तिची सकाळ त्याच्यासोबत सुरू व्हायची. तिच्या शिट्टीवर शंभर पोरी एका रांगेत उभ्या राहत, तसा हाही राही. उड्या मारतो, फळीवरून नीट चालतो, हे पाहून तिनंच या शर्यतीचं कुठून तरी शोधून काढलं. धावणार होती तीच. मी टाळ्या वाजवणार होतो. त्या कामाचा मला अनुभव आहे.

दीड वर्षापूर्वी जिना चढताना तिला दम लागायला लागला. आधी मधल्या पायरीवर थांबायची, मग दर चार पायऱ्यांवर. तपासण्या झाल्या. फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. औषधानं वेग कमी होतो, गाडी मागे फिरत नाही. मी विचारलं, "किती वर्षं?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." तिनं विचारलं, "म्हंजे तुम्हाले येत नाई, का मले सांगायचं नाई?" डॉक्टर हसले नाहीत. मी सवयीनं हसलो आणि मग तोंड कुठे ठेवावं ते मला कळेना.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिला छातीत संसर्ग झाला आणि अकरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या अकरा दिवसांत कुत्रा फाटकाशी बसून राहिला. मी त्याच्यासमोर भाकरी ठेवली, दूध ठेवलं, अंडी उकडून ठेवली. शेवटी सावजीकडून झणझणीत मटण आणलं आणि तीन पाण्यांनी धुऊन त्याच्यासमोर ठेवलं. सावजीचं मटण धुणाऱ्या माणसाला या शहरात राहायचा हक्क नाही, पण मी ते केलं. त्यानं वास घेतला आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. रात्री मी त्याला ओढून आत आणायचो, सकाळी दार उघडलं की तो पुन्हा फाटकाशी. थोडंसं पाणी प्यायचा, एवढंच.

बाराव्या दिवशी ती घरी आली. नाकात ऑक्सिजनची नळी, हातात लहानसं यंत्र. कुत्र्यानं जो आवाज काढला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ती पायरीवर बसली. त्याच्या बरगड्यांवरून बोट फिरवत राहिली, एकेका बरगडीवरून.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाली, "या खेपेस मी आली. पुढच्या खेपेस नाई आली तं?"

मी म्हणालो, "असं अभद्र बोलू नकोस."

"तुम्ही नाटक नका करू. मी सरळ इचारून राहिली. हा दरवाज्यात बसून मरन. मले थे चालत नाई."

मग तिनं तिचा बेत सांगितला. तो तिनं रात्रभर जागून ठरवला असणार, कारण त्यात कुठेही भोक नव्हतं. तिचा धाकटा भाऊ सावनेरजवळ शेती करतो. त्याच्याकडे कापसाचं मोकळं रान आहे, दोन कुत्रे आहेत. आपला कुत्रा तिथे जाईल, तरुण आहे तोवर रुळेल. किंवा मग तो माझा होईल. पूर्णपणे माझा. दिवाळीपासून त्याला मी शिकवायचं, मी खाऊ घालायचं, आणि जानेवारीच्या शर्यतीत मी त्याच्यासोबत धावायचं.

"शर्यत कशाला?" मी विचारलं. "घरात तो माझं ऐकतोच की."

"घरात ऐकते, कारण मी आतमधी आहो हे त्याले माहीत आहे. गर्दीत, मी समोर बसली असताना, मले सोडून तुमच्यासंग धावला तं खरं. धावला तं राहीन. नाई धावला तं त्याच दिवशी भाऊ त्याले घेऊन जाईन."

मी हो म्हणालो. तिला एक गोष्ट सांगितली नाही. ती गेल्यावर या घरात संध्याकाळी दिवा लावायला मी एकटा असेन, आणि दारात कोणी तरी शेपटी हलवणारं हवं, असं मला वाटत होतं. हे तिच्यासमोर बोलायचं नसतं. तिलाही ते कळलं असेल. आम्ही दोघांनी त्यावर जास्तीचा चहा घेतला.

शाळा म्हणजे घराशेजारचा रिकामा प्लॉट. उड्यांच्या दांड्या नळवाल्यानं टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या पाइपांच्या. तिरपी फळकुटं जुन्या दिवाणाची. नागमोडीसाठी पडद्यांचे दांडे. बोगद्यासाठी मी चार गाद्यांच्या खोळी एकमेकींना शिवल्या, त्याही हातानं, आणि ती शिवण पाहून बायकोला हसताना खोकला आला, म्हणून मला पुन्हा तिच्यासमोर शिवायला बंदी झाली. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची, गळ्यात शिट्टी. फुंकायला मनाई होती. नुसतीच असायची.

माझी एक अडचण होती. मी नाटकवाला. कचेरीच्या नाट्यस्पर्धांत वीस वर्षं राजे, फौजदार आणि पहिल्या अंकात मरणारे पती केले आहेत. मला दोन शब्दांत बोलता येत नाही. पहिल्या दिवशी मी दांडीसमोर उभा राहिलो, हात पसरला आणि म्हणालो, "ये वीरा! ही दांडी तुझ्या झेपेची वाट पाहत उभी आहे!" कुत्रा खाली बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. पुढचं वाक्य ऐकायला असावा.

खुर्चीतून आवाज आला, "तुम्ही कुत्र्याले सांगून राहिले का पब्लिकले? 'उडी' म्हणा अन् पळा."

मी "उडी" म्हणालो, पळालो आणि चार पावलांवर थांबून मागे वळून पाहिलं. कुत्राही थांबला.

"मागं काहून पाह्यता?"

"येतोय की नाही, ते पाहायला नको?"

"नाई. तुम्ही मागं पाह्यलं की त्याले समजते, या माणसाले आपली खात्री नाई. येईन थो. तुम्ही फक्त पळा."

शेजारच्या भिंतीवरून एक निवृत्त गृहस्थ रोज हे पाहायचे. तिसऱ्या आठवड्यात न राहवून म्हणाले, "काहून गा, सर्कशीत भरती होऊन राहिला का?" मी त्यांना वाकून नमस्कार केला. तेवढ्यात कुत्रा खोळीच्या बोगद्यात अर्ध्यावर झोपला.

प्लॉटवरचं शिकणं सोपं होतं. घरातलं अवघड होतं. दिवाळीच्या दिवसापासून त्याचं ताट तिच्या हातातून माझ्या हातात आलं. तो तिच्यासमोर जाऊन बसायचा, पंजा पुढे करायचा. ती टीव्हीचा आवाज वाढवायची. त्याला वाटे, आपला पंजा दिसला नसावा. मग तो दुसरा पंजा पुढे करायचा. मी स्वयंपाकघरातून हाक मारायचो आणि तो येईपर्यंत ती पडद्याकडेच पाहत राहायची. पडद्यावर काय चाललं होतं हे तिला नंतर विचारलं तर सांगता आलं नसतं.

एकच गोष्ट तिनं सोडली नाही. संध्याकाळी मी त्याला फिरवून आणायचो. आमच्या घरात पादत्राणं दाराच्या आत येत नाहीत. त्यामुळे मी उंबऱ्याबाहेर बूट काढायचो, वाकून ते बाजूला सारायचो, त्याचा पट्टा सोडायचो, आणि तो सरळ आत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा. पाच मिनिटं. ती त्याच्या कानांमागे खाजवायची. एकदा मी म्हणालो, "हेही बंद करावं लागेल ना?"

ती म्हणाली, "तेवढं राहू द्या."

मी राहू दिलं. कुत्र्याच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं की माझ्या पायातले बूट निघाले म्हणजे दिवसाचं काम संपलं, आता तिच्याकडे. हे मला माहीत होतं. रोज पाहत होतो. तरीही पुढे मी जे केलं ते केलं.

शर्यतीच्या रविवारी चांगलीच थंडी होती. मेहुणा सावनेरहून पहाटेच निघून जीप घेऊन आला. मागच्या सीटवर त्यानं गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर नवीकोरी साखळी. माझं लक्ष तिकडे गेलेलं पाहून त्यानं ती गोणपाटाखाली सारली. म्हणाला, "भाऊजी, मले काई हौस नाई. ताईनं सांगितलं म्हणून आणली." मी म्हणालो, "चांगली मजबूत दिसते." तिला आम्ही पुढच्या सीटवर बसवलं. कुत्रा मागे माझ्याजवळ, पण तोंड पुढच्या दोन सीटांच्या फटीत, तिच्या खांद्यापाशी.

मैदानावर नावनोंदणीच्या टेबलाशी एक तरुण बसला होता. "ब्रीड?"

"मौदा," मी म्हणालो.

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "ये कौनसी ब्रीड है, अंकल?"

"दुर्मिळ आहे. थर्मल पट्ट्यातच होते."

त्यानं लिहून घेतलं. मेहुणा तोंड फिरवून हसला. बायकोनं मला चिमटा काढला, पण तीही हसत होती, आणि त्या सकाळी ती हसली याचं मला फार बरं वाटलं. आमच्या आजूबाजूला लॅब्रॅडोर होते, जर्मन शेफर्ड होते, आणि एक काळापांढरा मेंढपाळी कुत्रा, जो त्याच्या मालकिणीच्या डोळ्यांवरून पापणी हलायच्या आत काय करायचं ते ओळखत होता. आमचा मौदा पोह्यांच्या गाडीकडे नाक करून उभा होता. पोह्यांवरच्या तिखट तर्रीचा वास मैदानभर होता.

पंच फौजेतून निवृत्त झालेले होते. पांढऱ्या मिशा, खाकी टोपी. त्यांनी सगळ्या नवशिक्यांना आधी कुत्र्यांशिवाय मैदानात फिरून अडथळ्यांचा क्रम पाहू दिला. मी क्रम पाठ केला. संवाद पाठ करायची सवय कामी आली. दोरीच्या पलीकडे, सुरुवातीच्या रेषेपासून वीस-पंचवीस पावलांवर, बायकोची घडीची खुर्ची मांडलेली होती. ती तिनं मुद्दाम तिथे मांडायला सांगितली होती. कुत्र्याला ती दिसली पाहिजे, असा तिचाच हट्ट. तिच्यामागे मेहुणा उभा होता. हातात आता साखळी उघडच होती.

माझा क्रमांक पुकारला गेला.

रेषेवर जाऊन उभा राहिलो. कुत्र्याला बसवलं, पट्टा काढून मदतनिसाला दिला. समोर आखलेली जागा. सभोवार माणसं, अचानक शांत झालेली. पंचांचा हात वर. आणि वीस वर्षं रंगमंचावर पाय ठेवण्याआधी जे केलं तेच माझ्या शरीरानं मला न विचारता केलं. मी बूट काढले. वाकून बाजूला सारले. जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

कपाळावरून हात खाली आला तेव्हा कुत्रा जागेवर नव्हता.

तो धावतही नव्हता. काम संपलेल्या माणसासारखा चालत गेला. पंचवीस पावलं, दोरीखालून वाकून पलीकडे, आणि सरळ तिच्या खुर्चीपाशी. लोक हसले. पंचांनी हात आडवा केला. बाद.

ती काय करते ते मी पाहत होतो. कुत्र्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं दोन्ही हात काखेत घातले. मान वळवली, पोह्यांच्या गाडीकडे. कुत्र्यानं नाकानं तिचं कोपर उचलून पाहिलं. तिनं कोपर अंगाशी घट्ट धरलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मानेची शीर आणि कानामागून गेलेली नळी दिसत होती. मेहुणा साखळी हातात घेऊन एक पाऊल पुढे आला आणि थांबला. तिनं त्याच्याकडेही पाहिलं नाही.

लोकांचं हसणं विरलं. त्यांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण काही तरी चाललंय एवढं दिसत असणार.

मी अनवाणी रेषेवर उभा होतो. इतक्या लोकांसमोर उभा असून माझ्याकडे बोलायला काही नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. कुत्र्याला तिथून ओढून आणावं असंही वाटलं नाही. जिथे जावंसं वाटतं तिथेच तर तो गेला होता. मीही तिथेच गेलो असतो.

पंच माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "बाद तो आप हो गए, साहब. लेकिन मैदान खाली है, दौड़ना है तो दौड़ लीजिए. कुत्ते को थोड़े ही पता है."

मी मान डोलावली. मग कुत्र्याकडे पाहून एकदाच म्हणालो, "चल रे." मोठ्यानं नाही. आणि पाठ फिरवली आणि पळायला लागलो.

मागे पाहायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पहिली दांडी आली. माझ्या बाजूला कोणी नव्हतं. मी रिकाम्या दांडीला "उडी" म्हणालो आणि पुढे गेलो. कोणी तरी शिट्टी मारली, कोणी तरी हसलं. मैदानात गोखरूचे काटे होते, ते पायात शिरत होते ते कळत होतं. दुसरी दांडी. "उडी." मला वाटलं, हा आता गोणपाटावर बसून सावनेरला जाणार, आणि संध्याकाळी मी उंबऱ्यावर बूट काढीन तेव्हा आत कोणी धावणार नाही. माझा वेग कमी झाला असणार. तरी मान वळवली नाही. तिसऱ्या दांडीच्या अलीकडे लोकांचा आवाज बदलला. मग माझ्या डाव्या पायाशी धापा ऐकू आल्या, वाळल्या गवतावरची नखं ऐकू आली, आणि राखेच्या रंगाचं काही तरी माझ्या गुडघ्याजवळून हवेत गेलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. तो बोगद्यात शिरला आणि मी पलीकडच्या तोंडाशी त्याला गाठायला पळालो, तर तो माझ्याआधी बाहेर. सीसॉवर मधोमध पोचल्यावर फळी खाली गेली तेव्हा घाबरला, थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी नुसता हात खाली केला. उतरला. तिरप्या फळकुटावरून उतरताना शेवटची दोन पावलं गाळून उडी मारली, जी चूक आहे. नागमोडी दांड्यांत एक फट सोडली, तीही चूक. नंतर स्वतःहूनच वळून सुटलेल्या फटीतून जाऊन आला, ज्याला काय म्हणतात ते नियमात नसावं. लोक आता टाळ्या वाजवत होते. शेवटच्या दांडीवरून तो गेला आणि गेल्या गेल्या उलटा फिरून माझ्या छातीवर आदळला. मी बसलोच खाली. दम इतका लागला होता की क्षणभर तिची आठवण झाली. चार पायऱ्या चढल्यावर तिला जे होत होतं, ते हे.

पंचांनी माझ्या बुटांकडे बोट केलं, ते उचलून न्या असं. मी हातातच घेतले. दोरीबाहेर जायची वाट तिच्या खुर्चीसमोरूनच होती. पायातले काटे काढायला मी मध्ये एकदा थांबलो तर कुत्रा थांबला. मी निघालो तर निघाला. त्याला तहान लागली होती. मेहुण्याच्या काखेत पाण्याची बाटली होती, पायाशी वाटी. मी बूट काखेत मारले, एका हातात बाटली घेतली, दुसऱ्या तळव्याची ओंजळ केली, कारण वाटीपर्यंत वाकायचं त्राण नव्हतं. तो माझ्या ओंजळीतून पाणी प्यायला. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायला. ओंजळ रिकामी झाल्यावर तळवा चाटला. खुर्ची त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तिचे हात आता काखेतून बाहेर आले होते, मांडीवर उघडे ठेवलेले होते. त्यानं तिकडे पाहिलं नाही. माझ्या पायावर अंग टाकून जीभ बाहेर काढून बसला.

मेहुण्यानं साखळीची गुंडाळी केली आणि जीपकडे चालू लागला. जाता जाता मला म्हणाला, "झालं, भाऊजी." त्याच्या आवाजात सुटका होती.

मला वाटलं ती आता हसेल. तिनंच ठरवलं होतं, तिनंच सगळं जुळवलं होतं, तिनंच मान फिरवली होती, आणि तसंच झालं होतं. तिनं कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या तळव्याकडे, मग पुन्हा कुत्र्याकडे. मग डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायचं नाही म्हणून बजावलेलं असताना, नाकातली नळी थरथरत असताना, आजूबाजूचे दहा-वीस लोक वळून पाहतील इतक्या मोठ्यानं ती ओरडली, "मेल्या, इतक्या लवकर इसरून गेला मले!"